एकशे बारा पानांची चंदा

लाकडी कांडी, मागाच्या धोट्यात बसते ती, टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत जाते आणि पंख्याच्या झोताने मागे येते. पुन्हा जाते.

कशेळीच्या पुलावर अडकलेला कंटेनर. ड्रायव्हर खाली उतरून गाडीच्या आरशात बघत दाढी करतोय.

माई तांदूळ निवडते. सापडलेला खडा ती फेकत नाही. वाटीत ठेवते, संध्याकाळी सगळ्यांना दाखवते.

‘न’ म्हणायला जीभ टाळूला लागते. लागते आणि तिथेच राहते.

एका मुलाचा व्हिडिओ. तो भाषण करतोय, कुठेही न अडखळता, आणि त्याचा उजवा हात मांडीवर आपटतोय... आपटतोय...

‘आत्या, गोष्ट तिथेच संपते ना?’ रुचिराचा मेसेज. सकाळचा. उत्तर दिलेलं नाही.

“बाय, यो गठ्ठा कापाचा हाय का न्हाय?”

कापायचाच होता. वळ गावातल्या या गोदामात पुस्तकं विकायला येत नाहीत, विकली न गेल्यावर येतात. दुकानांतून, प्रदर्शनांतून, शाळांच्या कपाटांतून परत फिरलेली. त्यातली बरी पुन्हा बाहेर जातात, उरलेली कागदाच्या गिरणीत. आणि गिरणीला आख्खं पुस्तक द्यायचं नाही असा नियम—आख्खं दिलं की ते वाटेत कुठेतरी उतरतं आणि फुटपाथवर दिसतं—म्हणून आधी कटरखाली मधोमध दोन तुकडे. हौसा गठ्ठ्याची सुतळी सोडते, वरचं पुस्तक नीरजापुढे धरते, नीरजा नाव बघून टेबलावर बोटाच्या पेराने वाजवते. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे थांब. बोलावं लागत नाही. परतीच्या मालाचा हा विभाग तिने त्यासाठीच मागून घेतला होता आणि तो तिला चटकन मिळालाही होता. पत्र्याखाली मे महिन्यात बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मुखपृष्ठावर हिरवी होडी. होडीत उभी मुलगी, काखेत घासलेटचा रिकामा डबा. ‘तरीवरची चंदा’.

पेर टेबलावर वाजलं नाही.

म्हणजे होडी हिरवी होती... तीस वर्षं ती काळी होती. घरच्या प्रतीला नानांनी, तिच्या वडिलांनी, आणल्या दिवशीच खाकी कव्हर घातलं होतं, घट्ट, कोपरे डिंकाने चिकटवून, आणि ते काढायचं कधी कोणाला सुचलं नाही. त्यामुळे चंदाची होडी नीरजाने आपल्या मनानेच रंगवली होती, डांबर फासलेली, काळी, अशा होड्या तिने कशेळीला खाडीत उलट्या घालून ठेवलेल्या पाहिल्या होत्या. पण रंगाचं राहू दे. रंगाच्या आधी तिच्या बोटांना दुसरंच काही कळलं होतं. पुस्तक जाड होतं.

फार नाही, कणभर. घरच्या पुस्तकापेक्षा एका फॉर्म्याने. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, तो कागद घडी घालतात, तो झाला एक फॉर्मा. असे फॉर्मे क्रमाने रचले, शिवले, की पुस्तक. रचताना बाइंडरचा हात चुकला की एखादा फॉर्मा दोनदा बसतो, एखादा राहून जातो. हे ती रोज बघते. राहिलेला फॉर्मा नुसत्या जाडीवरून ओळखणारी बाई म्हणून तिला इथे थोडा मानही आहे. आणि घरच्या पुस्तकाचे फॉर्मे तिने कधी मोजले नाहीत. सात आहेत. तेवढे असल्याचं तिला माहीत आहे, पण मोजले नाहीत.

घरचं पुस्तक एकशे बाराव्या पानावर संपतं. पूर आलेला, रात्रभर गाव धक्क्यावर जमलेलं, नावाड्याची मुलगी चंदा सगळ्यांच्या पुढे उभी. पलीकडच्या काठावरून कोणी ‘होऽऽ’ म्हणून हाक दिली की अलीकडून ‘आलेऽऽ’ म्हणावं लागतं, आणि चंदाला ते म्हणता येत नाही. शब्द दातांत अडकतो. म्हणून ती डबा वाजवते. एक ठोका: येते. दोन ठोके: थांबा. लोक हसतात, तरीवरची, म्हणजे होडीच्या धक्क्यावरची, बायका-पोरं तिची नक्कल करतात, आणि ती एकशे अकरा पानं डबा वाजवत राहते, बाप आजारी पडल्यावर एकटी होडी नेते, आणि शेवटी... पलीकडे बघून चंदा म्हणाली, ‘मी

संपलं. पुढे कोरा कागद, मग पुठ्ठा.

दहा वर्षांच्या नीरजाला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. ती स्वतः तिथेच थांबायची. ‘मी’ म्हणायची आणि पुढचा शब्द यायचा नाही, आणि त्या रिकाम्या जागेत तिची आई, माई, घाईघाईने पाऊल टाकायची—“तिला म्हणायचंय की ती उद्या येईल,” “तिला म्हणायचंय तिला भूक नाही”—आणि नीरजाला म्हणायचं असायचं निराळंच, पण पुरं झालेलं वाक्य माघारी कसं घेणार, मग तिला भूक नसायची. कितीतरी संध्याकाळी तिला भूक नव्हती. आणि इथे एक पुस्तक होतं, छापलेलं, शिवलेलं, मोठ्या माणसांनी केलेलं, आणि ते तिच्यासारखं थांबत होतं. थांबून तसंच उभं राहत होतं. कोणी पुढे येऊन चंदाचं वाक्य पुरं करत नव्हतं. म्हणजे एवढंही चालतं तर. एवढ्यावरही गोष्ट पुरी होते.

त्या दिवसापासून तिने टेबलावर वाजवायला सुरुवात केली.

फोन थरथरला. सुधीर. धाकटा भाऊ फोनवर मोठ्याने आणि सावकाश बोलतो, बहिऱ्याशी बोलावं तसं.

“ताई, ऐक. मी सहाला निघतो रुचिराला घेऊन. रात्री उशिरापर्यंत घेतात शिबिरात. हेमालीने बॅग भरली. पण कार्टी खिडकीतून हलत नाही. आत्या म्हणेल तसं, म्हणते. म्हणते म्हणजे लिहिते. तू घरी ये आणि फक्त हो म्हण. एक शब्द, ताई. जमेल ना?”

तिने फोनच्या मागच्या बाजूवर दोनदा वाजवलं.

“थांब काय थांब! सहा म्हणजे सहा.” मग आवाज खाली आणून, “तुझं झालं ते झालं गं. तिचं होऊ नये एवढंच.”

तुझं झालं ते. काय झालं? नीरजाने फोन खाली ठेवला, कांडीच्या शेजारी. तीन आठवड्यांचं शिबिर, नाशिकच्या बाजूला कुठेतरी; पहिल्या दिवशी मुलांचे फोन काढून घेतात, अडखळलं की सगळ्या सभागृहासमोर वाक्य पहिल्यापासून, आणि हात मांडीवर, ठोक्यावर शब्द, शब्दावर ठोका. सुधीरने तो व्हिडिओ जेवताना सगळ्यांना दाखवला होता. मुलाचे आईवडील रडत होते, माई रडली, सुधीरची बायको हेमाली रडली. रुचिरा ताटाकडे बघत होती. नीरजा मुलाच्या हाताकडे बघत होती. तो हात तिच्या ओळखीचा होता.

घराच्या मागे तेव्हा मागाचा कारखाना. दिवसरात्र खटखट, भिंतीतून, पलंगाच्या पायातून, दातांतून. नानांना कोणीतरी सांगितलं, की तालावर बोललं तर अडखळत नाही. मग रोज कचेरीतून आल्यावर ते तिला बोट धरून कारखान्याच्या खिडकीशी न्यायचे. खटक्यावर बोल, नीरू. खट्—माझं—खट्—नाव—खट्—नीरजा—खट्. आणि ते खरंच आलं. पहिल्याच दिवशी आलं. स्वच्छ, गोल, एकामागून एक, धोट्यातून सूत यावं तसं. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, आतल्या मागवाल्याने हसून खिडकीतून एक कांडी बाहेर दिली, “लो बेटी, इनाम.” आणि घराच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत सगळं परत गेलेलं. पुन्हा दुसऱ्या दिवशी खिडकी. वर्षभर. नाना खुर्चीवर बसून ऐकायचे, डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं, आणि मला कळायचं की ते मला ऐकत नाहीत, ते त्या मागाला ऐकताहेत, माझं तोंड नुसतं त्याला दिलेलं आहे. त्या वर्षी मी जेवढं बोलले तेवढं आयुष्यात बोलले नाही. त्यातला एक शब्द माझा नव्हता.

मग नानांनी पुस्तक आणलं. खिडकी बंद झाली. तिला वाटलं, नानांना समजलं. त्यांनी पुस्तकाला कव्हर घालून तिच्या उशाशी ठेवलं, एवढंच. तिला वाटलं, ही माफी आहे. तीस वर्षं तिला तसंच वाटत आलं.

आता हिरव्या होडीचं पुस्तक तिच्या हातात उलटं झालं—मुद्दाम नाही, हात घामेजला होता—आणि मलपृष्ठावर चार ओळी होत्या. खाकी कव्हराखाली डिंकाने बंद झालेल्या चार ओळी. ‘बोलता न येणाऱ्या चंदाने अखेर आपल्या जिभेवर कसा विजय मिळवला, याची हृद्य कथा. प्रत्येक पालकाने आपल्या पाल्याच्या हाती द्यावी अशी.’

म्हणजे हे पुस्तक पण खिडकीच होतं.

“काय गो बाय, घाम फुटला काय तुला?” हौसा गठ्ठ्यावर बसली. तिच्या सासऱ्यांची भातशेती होती या जागेवर. गोदाम झालं तेव्हा घरातल्या एका माणसाला काम द्यायचं ठरलं होतं, ते काम म्हणजे हौसा. कधी कधी ती फरशीवर पाय आपटून सांगते, हित बांध व्हता. “पानी आनू?”

नीरजाने एकदा वाजवलं. हौसा पाण्याला गेली. तेवढ्यात तिने आठवा फॉर्मा उघडला.

एकशे तेरावं पान. ‘मी’च्या पुढचा शब्द पहिल्याच ओळीत, डावीकडे, वर.

‘—आले! मी आले!’ अशी खणखणीत हाक चंदाच्या मुखातून निघाली आणि सारा गाव थक्क झाला. भीतीने तिच्या जिभेची गाठ सुटली होती. बापाने तिला उराशी धरलं. पुढच्या पानावर गावच्या पाटलांनी तिच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या पुढच्या पानावर तिने घासलेटचा डबा खाडीत फेकून दिला. तो बुडत असताना बुडबुडे आले आणि सगळे हसले, चंदासुद्धा. मग शाळा. मग भाषणाची स्पर्धा, पहिला नंबर. शेवटच्या पानावर चित्र होतं: चंदा व्यासपीठावर, हात वर, खाली टाळ्या वाजवणारी माणसं. चेहरा ओळखू येत नव्हता. चित्रकाराने पहिल्या पानापासून तिचे ओठ किंचित उघडे काढले होते, इथे ते नीट मिटवून हसरे केले होते.

डबा फेकला. डबा...

तिने पुन्हा वाचलं. मग पुन्हा. सोळा पानांत कुठे तरी, एखाद्या ओळीत, चंदाला त्या डब्याचं काही वाटलं असेल म्हणून. नव्हतं.

हौसा पाणी घेऊन आली, ओणवून चित्र बघायला लागली. “शाळंचा हाय? काय झाला या पोरीचा?”

नीरजाला हौसाशी बोलताना कमी अडखळायला होतं. हौसा वाट बघते, त्याचं कारण तिला घाई नसते, दया नसते. शब्दाशब्दाला थांबत नीरजाने सांगितलं. बोलता यायचं नाही. लोक हसायचे. डबा वाजवायची. मग पूर आला, भीती वाटली, आणि... बोलता यायला लागलं. सगळ्यांसारखं.

हौसाने गालावर हात ठेवला. तिचा चेहरा उजळला. “बरा झाला गो! लय बरा झाला. नायतं तिचा लगीन कोन लावील?” मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने जीभ चावली, नीरजाच्या खांद्यावर ओला हात ठेवला. “तुजा न्हाय बोलत मी. तू नोकरी करतंस. तुजा चांगला हाय.”

चांगला हाय. माझं चांगलं आहे. मी रागावले नाही. राग येण्यासाठी खाली काहीतरी भक्कम लागतं. हौसाला ते मनापासून आवडलं होतं. नानांनाही आवडलं असेल. दुकानात उभ्या उभ्या त्यांनी शेवटचं पान चाळलं असेल, वर केलेला हात बघितला असेल, आणि नेमकी हीच प्रत बांधून घेतली असेल—नाही, ही नाही, चाळली ती निराळी, बांधून मिळाली ती निराळी. आणि शिबिराला कबूल झालेली हेमाली, रडणारी माई... सगळ्या जगाला आठवा फॉर्मा मिळाला होता. तिला एकटीला तो मिळाला नाही, कारण कुठल्या तरी बाइंडिंगखान्यात कोणाचा तरी हात, जेवणाची सुट्टी झाली म्हणून असेल, शेवटच्या थप्पीपर्यंत पोचला नाही. तेवढ्यावर तिने घर बांधलं. एका माणसाच्या विसरण्यावर.

“मॅडम!” प्रितम लांबूनच ओरडत आला. गोदामाच्या मालकांच्या घरातला, सुपरवायझर, गळ्यात जाड साखळी, एका कानात फोन. “गाडी लागली हाय. गिरणीवाला बोंब मारतोय. हे कुठलं? चंदा? हे पूर्ण लॉट हाय ना, अकरा गठ्ठे?”

नीरजा उभी राहिली. तिला म्हणायचं होतं, कापू नकोस, एक गठ्ठा राहू दे, बाजूला ठेव. किंवा तिला म्हणायचं होतं, काप, माझ्यासमोर काप. दोन्ही वाक्यं एकाच अक्षराने... तिला ठरवता येत नव्हतं.

“क... का...”

“कापायचे. होय ना? टेन्शन नका घेऊ तुमी, अर्ध्या तासात क्लिअर.” आणि वळून कटरकडे, “रामू! ये पूरा लॉट डाल, पहले ये!”

तिचा हात टेबलावर होता. दोनदा वाजवलं असतं तर तो थांबला असता. त्याला ते माहीत होतं, सगळ्या गोदामाला माहीत होतं, तिच्या दोन ठोक्यांवर इथे कंटेनर थांबलेले आहेत. पेर टेबलावर पडलं. एकदा. ती पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कोणी द्यायचा होता. प्रितम अंगठा दाखवून गेला.

कटरचं पातं खाली आलं की आवाज फारसा होत नाही. जड दार लोटल्यासारखा. हिरव्या होडीचे दोन भाग होत होते, मुलगी एका भागात, डबा दुसऱ्यात. हातातली प्रत मात्र तिने दिली नव्हती. तिने तिची शिलाई ओढली, शेवटचा फॉर्मा अलगद सोडवला—दोऱ्याने एकदा धरून ठेवलं, मग सोडलं—आणि घडी न मोडता पर्समध्ये ठेवला. उरलेले सात हौसाच्या हातात दिले. ते सातही गेले.

रिक्षा अंजूरफाट्याला अडकली. दोन्ही बाजूंना ट्रेलर, मधे धुळीची भिंत, शेजारच्या सीटवर एक बाई बाळाला ओढणीने वारा घालत होती. पर्स मांडीवर. आत सोळा पानं.

...चहावर साय धरली होती. पंचवीस वर्षांची नीरजा, बघण्याचा कार्यक्रम, मुलाची मावशी म्हणाली, नाव काय गं तुझं? आणि सगळ्यांना नाव माहीत होतं, नाव माहीत असल्याशिवाय कोणी कोणाकडे पोहे खायला येतं का, पण विचारायचं असतं. न... आणि माई लगेच—“नी”—आणि नीरजाने टीपॉयवर दोनदा वाजवलं. माई थांबली. आयुष्यात पहिल्यांदा थांबली. मग खोलीत दुसरं काहीच नव्हतं, फक्त तिची टाळूला लागलेली जीभ. मुलगा चपलांकडे बघत होता. मावशीने पदर सारखा केला. नाव आलं नाही. पण तिने ते येईपर्यंत दुसऱ्या कोणाला म्हणू दिलं नाही, आणि नाही आलं तेव्हा ती उठली, नमस्कार केला, आत गेली. माई स्वयंपाकघरात कपाळ धरून बसली. आणि ती आतल्या खोलीत खिडकीशी उभी राहून आनंदाने थरथरत होती, कारण ती एकशे बाराव्या पानावर उभी होती, पलीकडे बघत.

तो आनंद खरा होता. हातापायांत होता. आता त्याचं काय करायचं? पुढचं पान होतंच. ते सगळ्यांना दिसत होतं—मावशीला, नानांना, त्या मुलाला—सगळे तिथे बसून वाट बघत होते की आता ही म्हणेल, ‘मी आले’, आणि आपण टाळ्या वाजवू. आणि ती मात्र त्यांच्याकडे पाठ करून उभी. शूर नव्हते मी. मला फक्त पुढचं पान शिवलेलं नव्हतं.

आणि गणपतीत, मखराच्या मागे लपलेल्या रुचिराला—पाहुण्यांनी आरती म्हणून दाखव म्हटल्यावर ती तिथे जाऊन बसली होती—नीरजाने ते खाकी पुस्तक दिलं. तुझ्यासाठी. रुचिराने दोन दिवसांत वाचलं. एकाच घरात राहून ती आत्याला मेसेज करते. पहिला मेसेज होता, ‘ही तर मी.’ दुसरा, ‘इथेच संपते?’ नीरजाने लिहिलं, ‘हो.’ मग रुचिरा वर्गात बाकावर वाजवायला लागली. बाईंनी चिठ्ठी पाठवली. ती वाजवत राहिली. तोंडी परीक्षेला ती अर्ध्यावर थांबली आणि खाली बसली नाही, तास संपेपर्यंत उभी राहिली. सुधीरला शाळेत बोलावलं तेव्हा बाई म्हणाल्या, अगदी ताठ उभी होती हो, भीतीच वाटली. रात्री सुधीर नीरजाच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, ताई, हे तू शिकवलंस. तो शिव्या देत नव्हता. त्याचा आवाज नानांसारखा झाला होता.

अधूनमधून अजूनही रुचिरा तो प्रश्न विचारते. तिथेच संपते ना? आणि नीरजा दर वेळी, हो.

रिक्षा सुटली. आळीच्या तोंडाशी ती उतरली. पूर्वी इथे उतरलं की अंगात खटखट शिरायची. आता मागाच्या कारखान्यांची अर्धी दारं बंद, एका ओट्यावर लोखंडाचे सांगाडे भंगारात जायला काढून ठेवलेले, बाकीच्यांतून मधूनच एखादा माग चालतो, एकटा, सुरू होतो आणि थांबतो.

दारात बॅग होती. निळी, नवी, तिला लटकलेलं नावाचं कार्ड.

“आलीस? बरं झालं.” सुधीर गाडीची किल्ली हातात घेऊन उभा. हेमालीने बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात डबा कोंबला आणि कोणाकडे न बघता आत गेली. माई खुर्चीत. रुचिरा खिडकीत, पाय वर घेऊन, मांडीवर खाकी पुस्तक. कोपऱ्यांचा डिंक पिवळा पडलेला.

“हं, बोल आता आत्या,” सुधीर म्हणाला. “तुझ्यावर ठेवलंय सगळं. मी काही राक्षस नाही. ती नको म्हणाली आणि तू पण नको म्हणालीस तर बॅग उचलून ठेवतो माळ्यावर. पण मग पुढच्या वर्षी दहावी, मग कॉलेज, मग इंटरव्ह्यू... तू येणार आहेस तिच्याबरोबर टेबल वाजवायला?”

“अरे, ती दमून आलीय,” माई म्हणाली. “पाणी तरी...”

रुचिराने वर पाहिलं. आज फोन खाली होता. ती तोंडाने विचारत होती, आणि शब्द बाहेर येईपर्यंत तिने डोळे नीरजावरून हलवले नाहीत.

“आ... आत्या. ति... ति... तिथेच संपते ना?”

नीरजाची बोटं पर्समध्ये होती. फॉर्म्याच्या घडीची कड, तुटलेल्या दोऱ्याचं टोक. हो म्हणावं, तर त्या बाइंडरसारखं: एक फॉर्मा कमी घालून मी या मुलीला शिवते, आणि ती चाळिशीत कुठल्याशा पत्र्याखाली बसून एकटी तो उघडेल. फॉर्मा काढून तिच्या मांडीवर ठेवावा, तर त्या सभागृहाचं दार मीच उघडते, हात मांडीवर, डबा खाडीत, बुडबुडे. काहीही केलं तरी एकच होतं. पोरीचं वाक्य मी पुरं करणार होते. माईसारखं. प्रेमानेच.

“न...”

सुधीरची किल्ली वाजायची थांबली.

“न...”

“ती म्हणतेय, नको—” माई खुर्चीतून पुढे झुकली.

खिडकीच्या चौकटीवर दोन ठोके पडले. रुचिराचे. माई गप्प झाली.

कोणाला थांब म्हणाली ती? माईला... की मला?

आणि मग सगळे थांबले. सुधीरसुद्धा. नीरजा उंबऱ्यात, जीभ टाळूला, आणि ही जागा तिच्या ओळखीची नव्हती. इतकी वर्षं ती थांबायची तेव्हा समोर खाडी असायची, पलीकडचा काठ असायचा, शेजारी चंदा असायची. आता नव्हती. काठ नव्हता. पुस्तक हातात पडण्याच्या आधीची एक मुलगी होती, खिडकीशी उभी केलेली, जिला अजून कोणी सांगितलं नव्हतं की असं थांबणं चालतं, आणि चालत नाही असंही अजून पटलेलं नव्हतं. तिला लाज वाटत नव्हती. अभिमान तर नाहीच. नुसती भीती, स्वच्छ, जुनी, बुडाशी असलेली; आणि नवल म्हणजे ती भीती तिची स्वतःची होती, कोणी छापलेली नव्हती.

मागच्या कारखान्यात एक माग सुरू झाला. खट्. खट्. त्या ठोक्यावर शब्द ठेवला असता तर तो आला असता, गोल, स्वच्छ, जो कुठला ठेवायचा तो.

तिने तो ठोका जाऊ दिला. त्याच्या पुढचाही जाऊ दिला.

शाळेच्या वाचनालयात ‘तरीवरची चंदा’ची एक पूर्ण प्रत आहे. रुचिराने ती दिवाळीच्या सुट्टीत घरी आणली होती, शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, आणि सुट्टी संपल्यावर, आत्याला काही न सांगता, परत केली होती.